गाडीवानाचा कुत्रा, राणीचा कुत्रा



व्याख्यानमालेच्या चालकांनी यंदा आम्हांस पाचारण केले, तेव्हा आम्ही किमान वेतनावर, कंत्राटी पद्धतीवर, नाही तर १९८२ च्या गिरणी संपावर बोलू, अशीच त्यांची अपेक्षा असणार. त्या विषयांवर आम्ही वर्षाचे बाराही महिने द्वारसभांतून बोलत असतो, आणि तुमच्यापैकी काहींनी ते रस्त्याने जाता-येता नाइलाजाने ऐकलेही असेल. म्हणून आज आम्ही निराळा विषय मागून घेतला. आपल्याकडे ज्याला सरसकट ‘पामेरियन’ म्हणतात, त्या पांढऱ्याशुभ्र, केसाळ, टोकदार कानांच्या कुत्र्याचा इतिहास. हा विषय सांगितला तेव्हा व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी चष्मा काढून आमच्याकडे पाहिले. तुम्हीही मनात तेच म्हणत असाल, की युनियनच्या माणसाला हे काय सुचले!

त्याचे उत्तर असे की, आम्ही गेली तीस वर्षे पहारेकऱ्यांची संघटना बांधीत आलो आहोत, आणि हा कुत्रा मुळात पहारेकरी आहे. आमचे शाळेतले शिक्षण दहावीपाशी थांबले. पुढचे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयात, शब्दकोश मांडीवर घेऊन. तेव्हा पंडिताची भाषा आमच्याकडून व्हायची नाही. परंतु एखाद्या प्राण्याचा स्वभाव त्याच्या कामातून कसा घडतो, आणि काम काढून घेतल्यावर त्या स्वभावाचे काय होते, हे कळायला पंडित असावे लागत नाही.

प्रथम नाव पाहू. ‘पॉमेरेनिया’ हा बाल्टिक समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावरचा मुलूख. स्लाव भाषांत या नावाचा अर्थच मुळी ‘समुद्रालगतचा’ असा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४५ साली, त्याचा बहुतेक भाग पोलंडात गेला आणि पश्चिमेकडचा थोडासा जर्मनीत राहिला. या मुलखातून पांढरे कुत्रे इंग्लंडात गेले, म्हणून इंग्रजांनी त्यांना पॉमेरेनियन म्हटले. जेम्स बॉझ्वेल या लेखकाच्या १७६४ च्या प्रवासाच्या रोजनिशीत असा एक कुत्रा भेटतो. पण खुद्द जर्मन माणूस त्याला ‘स्पिट्झ’ म्हणतो. स्पिट्झ म्हणजे टोकदार. कान टोकदार, मुस्कट टोकदार, एवढाच त्याचा अर्थ. हे कूळ एकट्या पांढऱ्या रंगाचे नव्हे. काळे, तपकिरी, नारिंगी, लांडग्यासारखे करडे, असे सारे रंग त्यात आहेत, आणि आकारही गुडघ्याएवढ्या मोठ्या कुत्र्यापासून हातात मावेल अशा बाहुलीपर्यंत आहेत. दक्षिणेकडे वुर्टेम्बर्गच्या द्राक्षमळ्यांत काळे स्पिट्झ अधिक. ऱ्हाइनच्या खालच्या अंगाला, क्रेफेल्ड आणि एल्बरफेल्ड या विणकरांच्या गावांकडे, पांढरे अधिक. एल्बरफेल्डला लागूनच बार्मेन हे गाव आहे. तिथे १८२० साली एका गिरणीमालकाच्या घरी फ्रेडरिक एंगल्सचा जन्म झाला. हा उल्लेख विषयाला धरून नाही हे आम्हांला कबूल आहे. पण नकाशावर ते नाव दिसले आणि आम्हांला गप्प राहवले नाही.

कुत्रापालकांची जुनी पुस्तके स्पिट्झचे घराणे थेट अश्मयुगाला नेऊन भिडवतात. स्वित्झर्लंडच्या तळ्याकाठच्या प्राचीन वस्त्यांत लहान कुत्र्यांची हाडे सापडली. त्यांचे वर्णन रुटिमायर या शास्त्रज्ञाने १८६१ साली केले, आणि स्पिट्झवाल्यांनी तोच आपला मूळ पुरुष म्हणून जाहीर केला. हाडांचा आकार सारखा म्हणजे वंश एक, असे आजचे शास्त्र मानीत नाही. राजे-सरदारांनी भाटांकडून सूर्यवंशी वंशावळी लिहवून घ्याव्यात, त्यातलाच हा प्रकार. आमच्या मते या कुत्र्याला असल्या वंशावळीची गरज नाही. त्याची खरी अब्रू त्याने केलेल्या कामात आहे.

ते काम असे. रेल्वे येण्यापूर्वी जर्मनीतला आणि इटलीतला पुष्कळसा माल घोड्यांच्या नाही तर बैलांच्या गाड्यांतून हिंडत असे. गाडीवान एकटा. वाटेत खाणावळ लागली, घोड्याला पाणी पाजायचे झाले, म्हणजे गाडी मागे बेवारशी उभी. अशा वेळी मालाच्या ढिगावर चढून बसायला एक प्राणी हवा. तो लहान असावा, म्हणजे त्याचे ओझे नको. थोडक्यात त्याचे पोट भरावे. ऊन-पाऊस-बर्फ त्याच्या अंगाला बाधू नये. मालक खाली उतरला तरी त्याने गाडी सोडू नये, आणि अनोळखी हात मालाला लागताच त्याने अख्खे गाव जागे करावे. स्पिट्झ या सगळ्या अटींना उतरला. जर्मनीत तो गाडीवानांच्या गाडीवर होता, मळेवाल्याच्या द्राक्षबागेत होता, शेतकऱ्याच्या अंगणातल्या शेणखताच्या ढिगावर होता. त्या ढिगावरून तो भुंके म्हणून त्याला ‘उकिरड्यावरचा भुंक्या’ अशा अर्थाचे एक हिणकस नावही पडले होते. इटलीत त्याचा सख्खा भाऊ ‘व्होल्पिनो’, म्हणजे छोटा कोल्हा. तोही बहुधा पांढराच. तस्कनी आणि लाझियो प्रांतांतल्या गाडीवानांचा तो लाडका होता, आणि सरदारांच्या वाड्यांतही होता. दोन्ही ठिकाणी काम एकच, परका दिसला की ओरडायचे.

आता त्याचा स्वभाव पाहा. ज्यांनी हा कुत्रा पाळला आहे ते आज येथे बसले असतील, त्यांनी आमचे चुकले तर जरूर सांगावे. हा कुत्रा घरातल्या माणसाला चिकटून असतो. एका खोलीतून दुसरीत गेलात तरी मागोमाग येतो. अनोळखी माणसावर त्याचा पहिल्या भेटीत विश्वास बसत नाही, दुसऱ्या भेटीतही फारसा बसत नाही. दारावरची घंटा वाजण्याआधी त्याला पावले कळतात. शिकवले ते चटकन शिकतो, पण त्याला स्वतःचे मत असते आणि ते तो मोठ्याने सांगतो. दार उघडे टाकले तरी लांब भटकायला जात नाही. मांजराच्या किंवा सशाच्या मागे लागून दोन मैल धावण्याची हौस त्याला नाही. अंगावर दुहेरी केस असतात. आत लोकरीसारखा दाट थर, वर लांब ताठ केस. दोन्ही मिळून थंडी बाहेर ठेवतात आणि ऊनही अंगाला थेट लागू देत नाहीत. म्हणून उन्हाळ्यात दयेपोटी त्याची हजामत करणारे त्याचे नुकसान करतात. पुष्कळदा हे केस पुन्हा पूर्वीसारखे येतच नाहीत.

यातल्या शिकारीच्या गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे अशी आमची विनंती आहे. कुत्र्यांच्या जागतिक महासंघाने स्पिट्झचा जो मापदंड ठरवला आहे, त्यातही शिकारीची ओढ नसणे आणि परक्याविषयी संशय हेच गुण राखणदारीला पोषक म्हणून नोंदले आहेत. पण गरिबाच्या दृष्टीने त्या गुणाला आणखी एक अर्थ होता. युरोपात शेकडो वर्षे शिकार हा राजांचा आणि सरदारांचा हक्क होता. हरणाने कुळाचे शेत खाल्ले तरी कुळाने हरणाला हात लावायचा नाही. कुळाच्या कुत्र्यानेही लावायचा नाही. इंग्लंडात राजाच्या अरण्यालगतच्या कुत्र्यांच्या पुढच्या पायाची तीन नखे तोडीत, म्हणजे त्याला सावज गाठता येऊ नये. जर्मनीत शेतकऱ्याच्या कुत्र्याच्या गळ्यात लाकडाचा ओंडका अडकवीत, म्हणजे धावताना तो पायांत यावा. जर्मनीत हा शिकारीचा हक्क १८४८ च्या क्रांतीत मोडला. अशा राज्यात ज्याला सशाच्या मागे धावावेसेच वाटत नाही, असा कुत्रा पाळणे हे कुळाला सोयीचे होते. अंगण सोडून न जाणारा कुत्रा सरदाराच्या रखवालदाराच्या डोळ्यांत येत नाही. आपण ज्याला आज ‘घरकोंबडा स्वभाव’ म्हणून हसतो, त्यामागे इतके सारे कायदे आणि इतके ओंडके आहेत.

एका जर्मन चित्रकथेचा उल्लेख येथे केलाच पाहिजे. विल्हेल्म बुश यांनी १८६५ साली ‘माक्स आणि मोरित्स’ या दोन खोडकर पोरांची कथा चित्रांसह प्रसिद्ध केली. तीत बोल्टे नावाची एक विधवा आहे आणि तिचा एक स्पिट्झ आहे. बाई कोंबड्या भाजायला ठेवून तळघरात जाते. पोरे छपरावर चढून धुराड्यातून गळ सोडतात आणि कोंबड्या वर ओढून घेतात. कुत्रा हे सारे पाहतो आणि जिवाच्या आकांताने भुंकतो. बाई वर येते, तवा रिकामा पाहते आणि डावाने कुत्र्यालाच बडवते. चोर कुंपणाच्या झुडपाआड पोट भरून झोपतात.

हे चित्र आम्ही वाचनालयात प्रथम पाहिले तेव्हा हसलो नाही, कारण तो खटला आम्ही लढवलेला होता. एका गोदामात रात्रपाळीला आमचे एक सभासद होते. वयाने मोठे, आम्ही त्यांना मामा म्हणत असू. गोदामातून तांब्याच्या तारेची भेंडोळी जाऊ लागली. मामांनी नोंदवहीत तीनदा लिहून ठेवले, की मागच्या फाटकाचे कुलूप बदलावे, रात्री गाडी येते. वही कोणी वाचली नाही. शेवटी माल मोजला गेला, तेव्हा निलंबनाचा कागद मामांच्याच हाती आला. चौकशी अकरा महिने चालली. ती वहीच पुराव्यात आली म्हणून मामा सुटले. माल आतलेच लोक काढीत होते. निकालाच्या दिवशी मामा आम्हांला म्हणाले, “भाऊ, मी ओरडत होतो, पण माझं ओरडणं त्यांना रोजचं झालं होतं.” महाराष्ट्रात खासगी सुरक्षा रक्षकांसाठी १९८१ चा कायदा आहे, मंडळे आहेत. पण ज्याच्या हाती किल्ली त्याच्यावर पहिला संशय, हा नियम कुठल्या कायद्यात लिहिलेला नसूनही सर्वत्र पाळला जातो. असो. मामा या व्याख्यानात पुन्हा येणार आहेत.

हॉलंडात तर या कुत्र्याच्या करड्या भावाने राजकारण केले. तेथे १७८० नंतरच्या दशकात ऑरेंज घराण्याच्या सत्तेविरुद्ध ‘देशभक्त’ नावाचा पक्ष उभा राहिला. त्यांच्या एका पुढाऱ्याचे नाव कोर्नेलिस, लाडाचे नाव केस. त्यावरून की काय, पण स्पिट्झ कुत्रा, ‘केसहोंड’, त्या पक्षाचे चिन्ह बनला आणि विरोधक त्या लोकांना कुत्र्याच्याच नावाने हिणवू लागले. ऑरेंजवाल्यांचा मानाचा कुत्रा पग. १७८७ साली प्रशियाची फौज आली, देशभक्तांचा मोड झाला. पराभूत पक्षाचे चिन्ह दारात बांधून ठेवणे कोणाला परवडणार? सुखवस्तू घरांतून केसहोंड नाहीसा झाला. तो टिकला तो कालव्यांवरच्या नावाड्यांकडे आणि शेतकऱ्यांकडे. पगची गोष्ट श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी, तिचा आम्हांला पुढे मुंबईत उपयोग आहे.

आता राजवाड्यात येऊ. मेक्लेनबुर्ग-श्ट्रेलित्स या पॉमेरेनियालगतच्या छोट्या संस्थानाची राजकन्या शार्लट १७६१ साली तिसऱ्या जॉर्जची राणी होऊन इंग्लंडात आली. १७६७ साली तिने आपल्या मुलखाकडून दोन पांढरे कुत्रे आणवले, फीबी आणि मर्क्युरी. दरबारात जे येते ते चित्रात येते. थॉमस गेन्सबरो या चित्रकाराने हे पांढरे स्पिट्झ अनेकदा रंगवले. कार्ल फ्रीडरिश आबेल हा त्याचा वादक मित्र. १७७७ च्या त्याच्या चित्रात टेबलाखाली असाच कुत्रा आहे. लंडनच्या नॅशनल गॅलरीत ‘सकाळचा फेरफटका’ म्हणून १७८५ चे त्याचे प्रसिद्ध चित्र आहे. तरुण नवराबायको फिरायला निघाले आहेत आणि बाजूला एक पांढरा कुत्रा मान वर करून बाईंकडे पाहतो आहे. त्याची उंची पाहावी. हा मांडीवर घेण्याचा कुत्रा नव्हे. गाडीवर बसणाऱ्या कुत्र्याचे हाडपेर त्याला अजून शाबूत आहे; फक्त गाडी गेली आहे, आणि केसांना कंगवा मिळाला आहे.

पुढे शंभर वर्षांनी शार्लटची नात व्हिक्टोरिया १८८८ च्या वसंतात फ्लॉरेन्सला गेली. तेथून तिने मार्को नावाचा एक कुत्रा आणला. वजन सुमारे बारा पौंड, म्हणजे साडेपाच किलो. तोवर इंग्लंडातले पॉमेरेनियन याच्या दुपटीहून जास्त भरत. तो कदाचित इटालियन गाडीवानांच्या व्होल्पिनोचाच भाऊबंद असेल. राणीने लहान कुत्रा पसंत केला म्हटल्यावर साऱ्या उमरावांच्या बायकांना लहानच हवा. १८९१ साली पॉमेरेनियनवाल्यांचा क्लब निघाला. त्याच वर्षी लंडनच्या इस्लिंग्टन भागात क्रफ्टचे पहिले मोठे कुत्र्यांचे प्रदर्शन भरले आणि राणीने आपले पॉमेरेनियन त्यात मांडले. हा चार्ल्स क्रफ्ट मूळचा कोण? कुत्र्यांची बिस्किटे बनवणाऱ्या स्प्रॅट कंपनीचा विक्रेता. राणीची हौस आणि बिस्किटवाल्याचा धंदा एका मांडवाखाली आले, की कुत्र्याचे मत कोण विचारतो? व्हिक्टोरियाच्या हयातीत या जातीचा आकार निम्म्यावर आला असे म्हणतात. आज अमेरिकेतल्या मापदंडाप्रमाणे पॉमेरेनियनचे वजन ३ ते ७ पौंड असावे लागते. म्हणजे सुमारे १.४ किलोपासून ३.२ किलोपर्यंत. आपल्या घरातले मांजर याहून जड असते.

येथे शास्त्राचा एक दाखला देतो, कारण आमचे काही मित्र लगेच म्हणतील की भांडवलशाहीने कुत्रा लहान केला. तसे नाही. शरीराच्या वाढीशी संबंधित अशा एका जनुकाचा एक प्रकार लहान कुत्र्यांत आढळतो, हे २००७ साली सिद्ध झाले. २०२२ साली तोच प्रकार सायबेरियातल्या पन्नास हजार वर्षांहून जुन्या लांडग्याच्या अवशेषांत सापडला. लहानपणाचे बी निसर्गाने फार पूर्वी पेरून ठेवले होते. राणीने आणि प्रदर्शनवाल्यांनी फक्त तेच तेच वेचून पुन्हा पुन्हा पेरले. पण त्या वेचणीची किंमत मात्र कुत्रा देतो. गुडघ्याची वाटी सरकणे, श्वासनळी चेपणे, एवढ्याशा जबड्यात सगळे दात कोंबले जाऊन ते किडणे, ही दुखणी या बाहुल्यांत नेहमीची. आणि तिकडे जर्मनीत जो मूळचा मोठा, कामाचा स्पिट्झ होता, तो आज नामशेष होण्याच्या वाटेवर म्हणून जतनाच्या यादीत आहे. नक्कल बाजारभर आणि अस्सल दुर्मीळ, हे आम्ही कारागिरीच्या बाबतीत पाहत होतोच.

व्हिक्टोरिया २२ जानेवारी १९०१ रोजी ऑस्बर्न हाउसमध्ये वारली, तेव्हा तिच्या बिछान्यावर तुरी नावाचा तिचा पॉमेरेनियन होता. तिने त्याला मागून घेतले होते. साम्राज्ञी म्हणून तिच्याविषयी आमचे मत काय आहे हे सांगण्याची जरूर नाही. पण मरताना माणसाने कुत्रा जवळ मागावा, यात आम्हांला हसण्यासारखे काही दिसत नाही.

त्यानंतर अकरा वर्षांनी, १९१२ च्या एप्रिलात, टायटॅनिक बुडाली. त्या बोटीवरचे तीन कुत्रे वाचले, त्यांपैकी दोन पॉमेरेनियन. तिघेही पहिल्या वर्गातल्या उतारूंचे. शालीत गुंडाळून बगलेत धरण्याइतके लहान होते म्हणून होडीत आले. त्याच बोटीवर तिसऱ्या वर्गात सुमारे ७०० माणसे होती, त्यांतली ५०० हून अधिक बुडाली. ही गोष्ट आम्ही पूर्वी एका सभेत सांगितली तेव्हा एक तरुण कार्यकर्ता संतापून म्हणाला, की कुत्र्यांना समुद्रात फेकायला हवे होते. आम्ही त्याला म्हटले, बाबा, कुत्रे फेकून एकही होडी वाढली नसती. होड्या कमी कोणी ठेवल्या ते विचार.

युद्धे आली की नावे बदलतात. अमेरिकेत जर्मन स्थलांतरितांनी आपले पांढरे स्पिट्झ शेतांवर नेले होते. पहिल्या महायुद्धात जर्मन शब्द उच्चारणेही पाप झाले; आंबवलेल्या कोबीला ‘स्वातंत्र्याचा कोबी’ म्हणू लागले, तिथे ‘जर्मन स्पिट्झ’ कसा राहणार? त्याचे नाव झाले ‘अमेरिकन एस्किमो’. एस्किमोंचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. ओहायो राज्यातल्या एका दांपत्याच्या कुत्रापालन केंद्राचे ते नाव होते, ते चिकटले. पुढे हाच कुत्रा सर्कशीत कसरती करू लागला. रोजगार बदलला, नाव बदलले, पण भुंकणे तेच. इंग्लंडातही जर्मन मेंढपाळ कुत्र्याला ‘अल्सेशियन’ केले ते याच काळात, आणि त्याचे खरे नाव तेथे परत यायला १९७७ साल उजाडले. आमच्या ओळखीत आडनाव बदलून नोकरी टिकवलेली माणसे आहेत, त्यामुळे याचे फार नवल वाटले नाही.

जपानात १९२० च्या सुमारास चीनमार्गे पांढरे स्पिट्झ पोहोचले. तेथे त्यांची जात वाढवून १९४८ साली मापदंड ठरवला गेला. युद्धात होरपळलेल्या त्या देशात १९५० नंतरच्या दशकात घरोघर हा पांढरा कुत्रा दिसे. मग लोक दाटीच्या घरांत राहायला गेले आणि ओरड सुरू झाली, की हा फार भुंकतो. मागणी एकदम ओसरली. पालकांनी मग कमी भुंकणाऱ्यांची निवड करीत जात पुन्हा सावरली. पहारेकरी ठेवायचा, पण त्याने आवाज करायचा नाही, ही अट आम्ही मराठीतही ऐकलेली आहे.

मुंबईकडे येण्यापूर्वी एक आडवळण घेतो. कुत्र्यांसाठी या शहराने एकदा संप केलेला आहे. १८३२ च्या जूनमध्ये कोटात सरकारी हुकमाने भटकी कुत्री मारणे चालले होते, आणि मारणाऱ्याला दर कुत्र्यामागे आठ आणे मिळत. पारशी समाज कुत्र्याला पवित्र मानतो. आठ आण्यांच्या लोभाने घरची कुत्रीही पकडली जात आहेत अशी तक्रार होती. लोकांनी दुकाने बंद ठेवली, कुलाब्याच्या गोऱ्या पलटणीची रसद अडवली. पारशांबरोबर हिंदू, जैन, मुसलमान असे इतर लोकही होते. या शहराच्या पहिल्या संपांत याची गणना होते. पगारासाठी नव्हे, बोनससाठी नव्हे, तर कुत्र्यांसाठी! कामगार चळवळीच्या आमच्या इतिहासलेखकांनी याला अधिक जागा द्यायला हवी होती.

पांढरा स्पिट्झ आपल्याकडे आला तो ब्रिटिश अमलात, साहेबांच्या बंगल्यांबरोबर. साहेब गेले, कुत्रा राहिला. आपल्या उष्ण हवेत पिढ्यान्‌पिढ्या निभावून गेला आणि ‘इंडियन स्पिट्झ’ ही वेगळी ओळख त्याला मिळाली. आपण ज्याला पामेरियन म्हणतो तो बहुतांशी हाच. खऱ्या बाहुलीवजा पॉमेरेनियनपेक्षा हाडाने मोठा, आणि दूध-पोळी, वरणभात जे मिळेल त्यावर पोसलेला. १९८० आणि १९९० च्या दशकांत मध्यमवर्गाने त्याला डोक्यावर घेतले. चाळीतून ब्लॉकमध्ये गेलेल्या कुटुंबाला फ्रिज, रंगीत दूरदर्शन संच आणि पांढरा पामेरियन, असा तो क्रम होता. १९९४ च्या ‘हम आपके हैं कौन’ मधला टफी आठवतो ना? क्रिकेटचा पंच होतो, आणि शेवटी चिठ्ठी नेमकी थोरल्या भावाकडे पोहोचवून घराची अब्रू राखतो. घरचा कुत्रा, घरचेच काम. त्यानंतर तर पांढऱ्या पिल्लांना तोटा राहिला नाही.

मग २००३ साली एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत एका मुलामागे धावणारा पग आला. बघता बघता घरोघर पग. हॉलंडात प्रशियाच्या फौजेने जे केले, ते येथे तीस सेकंदांच्या जाहिरातीने केले. पामेरियन म्हातारा झाला, केस गाळू लागला, शेजारी तक्रार करू लागले, सोसायटीच्या सभेत ठराव आला. काहींनी शेवटपर्यंत सांभाळले. त्यांना आमचा नमस्कार. पण काहींनी गाडीत घालून नेले आणि लांब कुठेतरी दार उघडले. जो प्राणी गाडी सोडून जात नाही म्हणून शतकानुशतके निवडला गेला, त्याला गाडीतून उतरवून गाडी निघून गेली, तर तो काय करील? तो तिथेच बसतो.

असाच एक आमच्या मामांना भेटला. निर्दोष सुटल्यावर त्यांना नवीन जागी नेमणूक मिळाली होती. शहराबाहेर, ट्रक उभे राहतात तो तळ. फाटकाशी एक पांढरा कुत्रा तीन दिवस बसून होता. अंगावर गाठी झालेले केस, गळ्यात लाल पट्टा. मामांनी भाकरी टाकली. चौथ्या दिवशी तो आत आला. गाठी सोडवता येईनात तेव्हा मामांनी त्या कात्रीने एकेक करून कापल्या. सगळी हजामत नाही केली, हे त्यांना कोणी सांगितले होते कोण जाणे. आम्ही एकदा वर्गणीच्या पावत्या घेऊन रात्री तिकडे गेलो. अंधारात पंधरा-वीस ट्रक ओळीने उभे. मधल्या एका ट्रकवर ताडपत्रीच्या अगदी वर काहीतरी पांढरे दिसत होते. आम्ही फाटकाला हात लावला मात्र, आणि ते पांढरे उठून उभे राहिले.

एवढ्याशा देहातून तो आवाज कसा निघतो, हे प्रत्यक्ष ऐकल्याशिवाय कळायचे नाही. सगळे क्लीनर जागे झाले. मामा कंदिलाएवढी बॅटरी घेऊन धावत आले आणि आम्हांला पाहून हसू लागले. “अहो भाऊ, तुम्हांला तो ओळखत नाही ना!” म्हणाले. मग वर पाहून त्याला म्हणाले, “आपले आहेत रे, युनियनचे.” पण त्याची खात्री पटली नाही. आम्ही पावत्या फाडल्या, चहा झाला, निघालो, तरी तो ताडपत्रीवर उभाच होता आणि आम्ही रस्त्याच्या वळणाआड होईतो भुंकत होता.

चिटणीसांनी हातातले घड्याळ दोनदा दाखवले आहे. कोणाला प्रश्न विचारायचे असतील तर आम्ही बसून आहोत.